गिऱ्हाईक आहे, गरम वाढ

बाळ्या,

राजधानी बघायला आलास, राजवाडा पाहिलास, बुरुजावर बायकोचे फोटो काढलेस आणि भूक लागल्यावर नेमका आमच्याच खानावळीत शिरलास. सख्ख्या बहिणीला ओळखलंस, तरी "ओ बाई, गरम काय आहे?" म्हणालास.

सूप पिऊन तुझी बायको म्हणाली, "काय चव आहे!"

तुझ्या जिभेला कधीच हाड नव्हतं. म्हणालास, "माझ्या आईच्या हाताला अशीच चव होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली."

आई वाढायच्या खिडकीपलीकडे तेच सूप ढवळत होती. मी तिच्याकडे पाहिलं. पळी न थांबवता ती म्हणाली, "गिऱ्हाईक आहे, गरम वाढ."

हे पत्र मी पाठवणार नाही. मेलेल्यांच्या घरून टपाल येत नसतं.

तुझी,
ताई