सगळ्यात लहान पूर

दिएपताई,

काल मिळेल त्या स्वस्त बसने आपल्या गावी, होई आनला जाऊन आले. तू विकलेलं आपलं घर बघायला आता तिकीट लागतं. तिकीटवाली म्हणाली, "काकू, गावातल्यांना फुकट आहे. तुमचं घर कुठलं?" मी जेवणाच्या पैशांतून तिकीट काढलं.

आत भिंतीवर दर पुराची रेघ आणि वर्ष अजून आहे. सगळ्यात खालच्या रेघेला वर्ष नाही. तिकीटवाली पाहुण्यांना सांगत होती, "हा सगळ्यात लहान पूर."

बाबांनी तू पाच वर्षांची असताना तुझी उंची मोजली होती, ती ही रेघ. मला राहवलं नाही.

"पूर कसला, बाई? माझी ताई आहे ती!"

हे पत्र टाकणार नाहीच.

अजून रागावलेली,
न्यान