आतोबांचा कागद सगळ्या कचेरीभर

ती. स्तोयना आत्यास,

तुझ्या दोन्ही हातांना ओठ लावून नायडेनचा नमस्कार. गुडघा कसा आहे? बकरी व्याली का? शेजारच्या पेनामावशींशी बोलणं पुन्हा सुरू झालं असेल तर त्यांनाही नमस्कार सांग, नसेल तर राहू दे. मी खुशाल आहे. (हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं. खुशालच आहे.) वेल्को आतोबांच्या वर्षश्राद्धाची शोकपत्रं अजून पोचली नाहीत, शनिवार तोंडावर आला आणि गेटवर लावायला काही नाही, असा तुझा निरोप मिळाला. उशीर का झाला ते सविस्तर लिहितो, म्हणजे तू गावभर माझ्या आळशीपणाचे दाखले देत फिरणार नाहीस.

नगरपालिकेत मी नेमकं काय करतो, हे तू दर ईस्टरला विचारतेस. तर कचेरीतले सगळे कॉम्प्युटर माझ्या कॉम्प्युटरला जोडलेले आहेत. अक्षर केवढं, समास किती, नवं पान उघडलं की माथ्यावर काय दिसावं, हे मी जिन्याखालच्या माझ्या खोलीत बसून ठरवतो आणि सगळ्यांना तस्संच दिसतं. कुणी बदललं तरी दुसऱ्या सकाळी माझंच परत येतं. (घरात माझं एवढं कुणी ऐकत नाही.) आमच्या नगराध्यक्षा दोब्रोमिराबाईंनी फर्मान काढलं, की प्रत्येकाच्या पत्रावर त्याचं नाव, ओळखपत्रावरचा फोटो आणि त्या दिवसाची तारीख आपोआप आली पाहिजे. तसा नमुना मी केला, आणि झकास केला. मग फोटोची जागा आयतीच होती, म्हणून त्याच्याच नकलेवर आतोबांचं शोकपत्र रचलं. काळी चौकट, वर क्रूस, खाली 'प्रेमळ पती, लाडके आजोबा, निष्णात मधमाशीपालक'. आणि सगळ्यांकडे पाठवताना दोहोंतला भलताच नमुना पाठवला.

सोमवारी सकाळी ज्यानं ज्यानं नवं पान उघडलं, त्याला स्वतःचंच शोकपत्र दिसलं. करवसुलीच्या गेर्गानाबाई लाडके आजोबा झाल्या. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार आणि माझी नोकरी जाणार. पण आत्या, कुणी ओरडलंच नाही. टाइप करण्याचा आवाज तेवढा थांबला. मी बाहेर येऊन पाहिलं. आपल्याकडे रस्त्यात शोकपत्र दिसलं की माणूस थांबतो, वाचतो, 'देव क्षमा करो' पुटपुटतो आणि चालू लागतो. तसंच प्रत्येकजण आपापल्या टेबलाशी पुटपुटत होता आणि कामाला लागत होता. त्यानंतर सगळे एकमेकांशी इतक्या मायेनं बोलू लागले की माझ्या अंगावर काटा आला. गेर्गानाबाईंनी (ज्यांनी आजवर कुणाला टाचणी दिलेली नाही) जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन साखर पेरलेल्या, श्राद्धाला वाटतात तशा गव्हाच्या घुगऱ्या आणल्या आणि वाटल्या. कुणाच्या नावानं, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्याच. मागून कोण करणार आहे, सून?"

दप्तरखान्यातल्या मिंकोनं तर आपला कागद छापून खुर्चीमागे लावला. फोटो बरा आलाय, वाया कशाला घालवायचा, असं त्याचं म्हणणं. शेवटी दोब्रोमिराबाईंनी बोलावलं. मी राजीनामा खिशात घालूनच गेलो. बाई पडद्यावरच्या स्वतःकडे बघत होत्या. म्हणाल्या, "नायडेन, मधमाश्या पाळणं अवघड असतं का रे?" मग भानावर येऊन, संध्याकाळपर्यंत हे निघालं नाही तर दुसरी नोकरी बघ, असं बजावलं.

संध्याकाळच्या आत मी बरोबर नमुना सगळीकडे धाडला आणि सगळ्यांची पानं निवळली. शोकपत्र राहिलं ते फक्त माझ्या कॉम्प्युटरवर. त्यावर माझं नाव आहे. इतरांच्या कागदावर त्या दिवसाची तारीख होती, माझ्या कागदावर येत्या शनिवारची आहे. मी पुसतो, सकाळी परत येतं. बाकीच्यांना हुकूम माझ्याकडून जातो. मला कोण पाठवतंय, ते काही केल्या सापडत नाही. जोडणीची तार काढून ठेवली तरी आलं. असो, किरकोळ बिघाड आहे.

सोबत आतोबांची शोकपत्रं आहेत. गेटवर, बसथांब्यावर आणि दुकानाच्या दारावर लाव. शनिवारी सकाळी घाटातून गाडी घेऊन येतोच. आतोबांच्या पिंपातली घोटभर राकिया माझ्यासाठी राखून ठेव.

तुझा,
नायडेन

ता. क. : पाकीट एकटीच असताना उघड. पडद्यावर आतोबा होते, पण छापताना पहिला कागद माझ्या नावाचा निघाला. पुढचे मी बघितलेच नाहीत, पालथेच पाकिटात घातले. आतोबा असतील तर खुशाल लाव. मी असलो, तर गेटवर लावू नकोस, चुलीत घाल आणि दुकानातून मला फोन कर. मग मी घाटात गाडी घालणार नाही. मला भीती वाटते, आत्या.

पुन्हा ता. क. : इतरांचे फोटो ओळखपत्रावरचे होते. माझा तो नाही. त्यात मी तुझ्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसलोय, अंगात राखाडी स्वेटर, गळ्याशी हिरवी पट्टी. असा स्वेटर माझ्याकडे नाही. पण मागच्या खेपेला तू माझ्या खांद्यांचं माप घेतलं होतंस. तसलं काही विणायला घेतलं असशील, तर तुझ्या पाया पडतो, उसव.