जावयाचा कासरा

१२ मार्च १९३३, जळगाव
संकल्प केला. येत्या पोळ्याला सासऱ्यांच्या बैलजोडीला नवे कासरे, तेही घरच्या घायपाताच्या वाखाचे, मी स्वतः वळलेले. गेल्या पोळ्याला भडगावला माझ्या हातून बैल सुटला, तेव्हा सासरे झुलालनाना अख्ख्या गावासमोर म्हणाले, जावई कचेरीना शे, त्याना हातमा टाक द्या, कासरा नको. गाव हसलं. हीसुद्धा हसली. बायको असून! आजच नानांना पत्राने कळवून टाकलं. आता हसा म्हणावं.

१५ मार्च
कचेरीतल्या उखर्डू शिपायाने मेहरूणच्या बांधावरून घायपाताची अकरा पिलं आणली. रॉकेलच्या डब्यांत लावली. उखर्डू म्हणतो, साहेब, हे मारून मरत नाही, डब्यात कशाला लावता? अडाणी माणूस.

१६ मार्च
लायब्ररीतून गार्डनिंगचं इंग्रजी पुस्तक आणलं. लिहिलंय, पाणी अगदी बेताने. पण ते मेक्सिकोसाठी. लेखकाने जळगावचा उन्हाळा पाहिलेला दिसत नाही. दिवसातून तीनदा घालायचं ठरवलं.

२ एप्रिल
पाणी चारदा. शिवाय ताक. पोळ्यापर्यंत प्रत्येक पात दोन हात व्हायला हवी. सध्या वीतभर. पान ४१ वर म्हणे, पात कापायला चार वर्षं लागतात. छपाईची चूक. महिने असणार.

१९ एप्रिल, दुपार
ओटीवर ओली गोणपाटं बांधली. झाडांना सावली झाली. आम्ही आत घामाने निथळतोय. मी झाडांना पंख्याने वारा घालतो अशी हिची तक्रार. काहीतरीच! एकदाच घातला.

६ मे
तीन बुडातून पिवळी. अशक्तपणा. दूध सुरू.

११ मे
पाच गेली. वास येतो. दूध वाढवलं.

२८ मे
नऊ मेली, दोन अर्धमेली. दोष उखर्डूच्या पिलांचा. ही म्हणाली, उभ्या खानदेशात घायपात मारून दाखवणारे तुम्ही पहिलेच. शेजारच्या सुनंदाबाई कुंपणाशी उभ्या राहून ऐकत होत्या. हिने सगळे डबे परसातल्या उकिरड्यावर उपडे केले.

३ जुलै
नानांचं पत्र. माझ्या कासऱ्यांची गावभर दवंडी झाली आहे. घरात वळून ठेवलेले कासरे त्यांनी बाजारात देऊन टाकले. यंदा जावयाचेच बांधणार म्हणे. मार्चात कळवायची जरा घाईच झाली. पोळ्याला आजारी पडावं का?

१४ ऑगस्ट
बाजारात तोताराम दोरवाल्याकडून दोन कासरे घेतले. पांढरेशुभ्र, टोकांना लाल लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. कुठले, विचारलं. खेड्यावरून येतात म्हणाला. म्हणजे कुणाच्या तरी घरचेच. तत्त्वतः फरक नाही. घट्टे दिसावेत म्हणून तळहातांवर वीट घासली. हिने कासरे हातात घेतले, चिंध्या पाहिल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेली. अभिमान वाटला असावा.

२१ ऑगस्ट, पोळा, भडगाव
नानांनी कासरे चार लोकांत फिरवले. हाताला फार ओळखीचे लागतात, म्हणाले. चांगली वस्तू अशीच असते. मग गावासमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, जावई कामना शे. कामाचा! मला भरून आलं. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. त्या भरात मी पात कापण्यापासून कुजवून वाख काढण्यापर्यंत सगळं सविस्तर सांगितलं. छत्तीस दिवस लागले, म्हणालो.

तेवढ्यात बैलांना ओवाळायला सासूबाई आल्या. झुंबरबाई एरवी माझ्याशी दोन शब्दही बोलत नाहीत. कासऱ्याचं टोक चिमटीत धरून पाहिलं. अंगावर लाल लुगडं. पदराचा कोपरा फाडलेला. अगदी हळू म्हणाल्या, जावईबापू, माले तं दोनच दिन लागनात.

बाकी कुणाला काही बोलल्या नाहीत. जेवताना पुरणपोळ्या मात्र मलाच दुप्पट वाढल्या.

२४ ऑगस्ट, जळगाव
उकिरड्यावरच्या त्या दोन अर्धमेल्या घायपातांना नवी पात फुटली आहे. चांगली टणक. तीन महिने कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. लगेच पाणी घालावं म्हणून तांब्या शोधला.

हिने तो कुलपात ठेवलाय.