चौथ्या मजल्यावरची मधली खोली

सांगली,
२ नोव्हेंबर २०२५

चि. चंदना,
जय जिनेंद्र आणि आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे. पण खोटं कशाला लिहू? इकडे घरात लढाई चालू आहे आणि मी ती जिंकत आले आहे. तीन वर्षांत माझ्या एकाही पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. तरी ही बातमी तुलाच सांगावीशी वाटली, कारण लढाईचं कारण ऐकून पोट धरून हसणारी माझ्या माहितीत तू एकटीच.

आमच्या हळद व्यापारी मंडळाला पन्नास वर्षं झाली. सम्मेद यंदा चिटणीस आहे. दुसऱ्या कुणी मंगल कार्यालय घेऊन जेवण घातलं असतं. माझ्या चिरंजीवांनी ठरवलं, समुद्रावर जायचं! मुंबईहून मोठ्या प्रवासी जहाजाने कोची, तिथून लक्षद्वीप आणि परत. सुवर्णमहोत्सवाची सभा भर समुद्रात. प्रमुख वक्त्या कोण? तुझी बहीण. मला न विचारता पत्रिकेत नाव छापून मोकळा झाला.

आता तुला माझं पोट माहीत आहे. आंबा घाटात वऱ्हाडाच्या गाडीत मी शालू भरवला होता, तेव्हा माझ्याहून सहा वर्षांनी लहान असून पिशवी तूच धरली होतीस. त्या मानाने रेल्वे बरी, तिच्यात मला काही होत नाही. पण जहाज! सरळ नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, येईन, पण खोली मी निवडणार.

तिथून भडका उडाला. सम्मेदने माझ्यासाठी दहाव्या मजल्यावरची, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाची, बाल्कनीची खोली धरून ठेवली होती. सूनबाई स्वप्नाली मोबाईलवर फोटो दाखवत म्हणाली, "आई, सकाळी उठलं की डोळ्यांसमोर नुसता समुद्र!"

मी म्हटलं, "सकाळी उठलं की डोळ्यांसमोर नुसती बादली."

मी वाचनालयातून जहाजांवरची तीन पुस्तकं आणली. जहाजाचा नकाशा छापून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर अंथरला. आणि पुस्तकावर विसंबून राहायचं नाही म्हणून कृष्णेच्या घाटावर केरबाकडे गेले. चाळीस वर्षं नाव चालवतोय तो. म्हटलं, केरबा, पोटात ढवळत असेल तर नावेत कुठे बसावं?

"बाई, नावंचा जीव मदी असतो," तो म्हणाला. "टोकं नुसती नाचत्यात. पोरं टोकाला जात्यात फोटू काढाय, आन् मग काठाला येऊन वकत्यात. म्हातारी माणसं आमी मदी बसवतो. आन् खाली. जेवढं उंच, तेवढं झुलतंय."

"आणि डोळे मिटून बसलं तर?"

"आजाबात न्हाई! पल्याडच्या काठावर नजर ठिवायची. पायाकडं बघितलं की गेलंच."

तीन पुस्तकांनी जे पाचशे पानांत सांगितलं, ते या माणसाने विडीच्या चार झुरक्यांत सांगितलं. म्हणून ठरवलं: चौथा मजला, जहाजाच्या बरोबर मध्यावर, आणि खिडकी हवी. त्याहून खाली स्वस्त खोल्या आहेत, पण बिनखिडकीच्या. क्षितिज दिसलं नाही तर डोळे एक सांगतात, तोल सांभाळणारे कान दुसरं सांगतात आणि भांडण पोटात होतं.

सम्मेदचा चेहरा उतरला. "आई, सगळ्या मंडळाच्या खोल्या वर. लोक म्हणतील, चिटणीसाने आईला तळघरात ठेवली."

"लोक!" मी नकाशावर मूठ आपटली. "माणसाने खोली उंची बघून का घ्यायची? व्यासपीठावर मधली खुर्ची मिळावी म्हणून तुमचे पुढारी एकमेकांच्या उरावर बसतात. मी जहाजातली मधली खोली मागते आहे, तर त्यात कमीपणा?"

बुकिंग करणाऱ्या मुलीने फोनवर शेवटचा प्रयत्न केला. "मॅडम, तिथं इंजिनाचा आवाज येतो."

"मी तीस वर्षं सातवी ब शिकवली आहे."

"आणि खिडकी उघडत नाही."

"मला ती उघडायची नाही, मला तिच्यातून बघायचं आहे."

तर खोली मिळाली. जिंकले! पण तुला एक सांगते. वाद रंगात आला असताना मी सम्मेदला म्हणाले, "शरीराची लाज कसली बाळगायची? ओकारी येते तर येते, हे तोंडाने सांगायला काय होतं?" आणि हे म्हणतानाच माझा आवाज बसला. स्वप्नाली पाणी घेऊन आली. सगळ्यांना वाटलं, ठसका लागला.

का बसला, ते आज लिहीत नाही. शिरवळला थंडी पडायला लागली असेल. कानाला बांधत जा.

तुझी ताई


जहाजावरून,
२७ नोव्हेंबर २०२५, दुपारचे चार

चि. चंदना,
आशीर्वाद. अक्षर वाकडं आलं तर दोष समुद्राचा आहे, माझा नाही.

वरची ओळ पुन्हा वाच. मी हलत्या जहाजात बसून पत्र लिहिते आहे! मी, जिला बसमध्ये तिकिटावरचा आकडा वाचला तरी मळमळतं.

काल संध्याकाळी मुंबई सोडली. मी नेहमीप्रमाणे सूर्यास्ताच्या आत जेवून घेतलं, दोन फुलके आणि मुगाची पातळ डाळ. आमच्या मंडळींनी जाहीर केलं की सहलीला नियम नाहीत. रात्री दहापर्यंत पनीर काय, आईस्क्रीम काय. मंडळाचे अध्यक्ष नानासो तर जिन्यात मला आडवे आले. "काय बाई, पाताळात ऱ्हायला चालला म्हणं?" सगळे हसले. मीही हसले. मी केरबाला भेटले होते, ते कुठे भेटले होते?

पहाटे वारा वाढला. कप्तानाने माईकवरून सांगितलं की समुद्र जरा खवळला आहे, उभं राहताना कठड्याला धरा. माझी खोली हलत होती, नाही असं नाही. पण पाळणा झोके घेताना वरची कडी जेवढी हलते, तेवढीच. मी खिडकीशी बसले, लांब जिथे पाणी संपतं तिथे नजर लावली आणि णमोकार म्हटला. पोट शांत. गरगर नाही. चंदना, मला रडू आलं गं. रेल्वे सोडली तर सहासष्टाव्या वर्षी एखाद्या वाहनात बसून माझं पोट पहिल्यांदा गप्प होतं.

आठ वाजता दार वाजलं. सम्मेद. तोंड पांढरं, हातात कागदी पिशवी.

"आई, जरा इथं पडू का?"

मागे स्वप्नाली, भिंतीला धरून. दहा वाजेपर्यंत माझ्या दोन माणसांच्या खोलीत नऊ माणसं झाली. नानासो माझ्या पलंगाशेजारी गालिच्यावर आडवे, डोळे छताला.

"बाई," ते पुटपुटले, "पाताळ लय चांगलं हाय वो."

जहाजावरचा सेवक बिचारा ट्रे भरून आल्याचा चहा घेऊन आला. एकानेही हात लावला नाही! ओलं आलं, जमिनीखालचा कंद, आपल्यात कोण खाणार? अर्धमेल्या अवस्थेत सगळ्यांना नियम आठवला. रात्री दहाच्या आईस्क्रीमला आठवला नव्हता. मग मी माझा डबा काढला. सुंठ आपल्याला चालते. सुंठ-गुळाच्या गोळ्या मी घरूनच वळून आणल्या होत्या. एकेकाला वाटल्या, म्हटलं, चघळा आणि खिडकीबाहेर बघा.

सभा अकराला होती. कुठे? नवव्या मजल्यावरच्या नाट्यगृहात, जहाजाच्या पुढच्या टोकाला! मी सरळ जहाजावरच्या अधिकाऱ्याला गाठलं. हिंदी माझं तोडकंमोडकं, पण आवाज शाबूत. त्याला म्हटलं, सभा मधोमध आणा, नाहीतर तुम्हाला वक्ता मिळेल, श्रोते मिळणार नाहीत. तो हसला आणि पाचव्या मजल्यावरची जिन्याजवळची मोकळी जागा देऊन टाकली. चाळीस माणसं गालिच्यावर मांडी घालून बसली.

मी हळदीवरचं भाषण पाठ करून आले होते. सुरुवात केली आणि माझं लक्ष गेलं. प्रत्येकाने आपली कागदी पिशवी पाठीमागे लपवली होती. बायकांनी पदराखाली, पुरुषांनी मांडीखाली. सगळ्यांना त्रास होतोय हे सगळ्यांना माहीत, तरी लपवालपवी!

मी भाषण तिथेच टाकलं. "पिशव्या पुढे घ्या!" मी ओरडले. "लाज कसली? पोट तुमचं, समुद्र कुणाच्याच बापाचा नाही. या लाजेपायी माणूस काय काय गमावतो, ठाऊक आहे तुम्हाला?"

आणि चंदना, पुढचं वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "या लाजेपायी मी माझ्या आईला शेवटची भेटले नाही."

चाळीस हळदवाल्यांना हे तुझ्याआधी कळलं, त्याबद्दल आधी क्षमा माग म्हणतं माझं मन. मागते. आता तू ऐक.

तीन वर्षांपूर्वी आई तुझ्याकडे शिरवळला शेवटच्या अवस्थेत होती. तू भल्या पहाटे फोन केलास, ताई, आज ये, ती तुझं नाव घेते आहे. मी तुला संध्याकाळी कळवलं की वडूजला व्याख्यान आहे, मोडता येत नाही. वडूजला काहीही नव्हतं. त्या दिवशी सकाळी सहाच्या एसटीने मी निघाले होते. सातारा गेलं, पाचवड गेलं, भुईंज गेलं. सुरूर आलं आणि समोर खंबाटकीचा डोंगर दिसला. घाट सुरूसुद्धा झाला नव्हता. नुसता बघितला आणि मला भडभडून आलं. शेजारच्या बाईच्या मांडीवर सगळं गेलं. तिने मला पदराने पुसलं आणि निरखून म्हणाली, "आवं, तुमी त्या भाषणवाल्या बाई न्हवं?"

ती प्रेमाने म्हणाली गं. पण मी मेले. कंडक्टरला गाडी थांबवायला लावली, उतरले, तोंड धुतलं, रस्ता ओलांडला आणि परतीच्या गाडीत बसले. तुझं घर तिथून एक डोंगर पलीकडे होतं. लोणंदपर्यंत रेल्वेने येऊन तिकडून शिरवळ गाठता आलं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. तोवर आई गेली होती.

तू म्हणालीस, "ताई, तुला माईक दिसला की आई दिसत नाही." मी ऐकून घेतलं. निष्ठुर म्हणवून घेणं मला चाललं. घाट बघून ओकते म्हणवून घेणं चाललं नाही.

आणि हे एकाच दिवसाचं नाही. माझी व्याख्यानं आठव. तासगाव, इस्लामपूर, कराड, रहिमतपूर, वडूज. नकाशा घेऊन बस, मोठा घाट एकही सापडणार नाही. पुण्याची निमंत्रणं मी तत्त्वासाठी नाकारली होती ना? "शहरी व्यासपीठांची गुलामी मला नको!" काय टाळ्या पडल्या होत्या त्या वाक्याला. तत्त्व कसलं, ते न्यायला मोटार पाठवणार आणि मधे खंबाटकी; रेल्वेने येते म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

एवढं सगळं मी त्या गालिच्यावरच्या माणसांना सांगितलं. मग आडवे झालेले नानासो कोपरावर उठून बसले. "बाई, माजा पोरगा मुंबईत बाविसाव्या मजल्यावर ऱ्हातोय. मी जात न्हाई. त्याला वाटतंय, सुनंवर राग हाय. राग न्हाई वो. मला लिफ्टचं भ्या वाटतंय."

त्यांची बायको किंचाळली, "आन् मला सांगितलंसा, तिकडचं पाणी बाधतंय!"

असा हशा झाला की जहाज थांबलं असेल. मग एकेक जण बोलायला लागला. मी आजवर दीडेक हजार भाषणं केली असतील. ही एकच सभा अशी, जिथे माझ्यापेक्षा श्रोते जास्त बोलले.

आता कामाचं. १४ डिसेंबरला, रविवारी, मी तुझ्याकडे येते आहे. सम्मेद म्हणतो, मुंबईहून परस्पर शिरवळला जा, सोपं पडेल. नको. जिथे मी उतरले तिथून पुढे यायचं आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी दारापर्यंत येणार.

हे पत्र कोचीला टाकते.

तुझी ताई


सांगली,
८ डिसेंबर २०२५

चि. चंदना,
आशीर्वाद. काल तुझा फोन आला आणि मला फारसं बोलता आलं नाही, म्हणून हे चार शब्द. पत्र शनिवारपर्यंत पोचेल.

मी हॅलो म्हटलं. तुझ्या मागे कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, आता ठेवशील. आणि तू विचारलंस, "कुठल्या बाकावर बसणार?"

मी म्हटलं, "ड्रायव्हरच्या मागे. पुढचा रस्ता दिसतो."

"तिथं पुढचं चाक येतं. मधल्या बाकावर बस."

"अगं, पण पुस्तकात..."

"पुस्तक राहू दे, ताई. आईला साताऱ्याच्या दवाखान्यातून त्या घाटाने मी किती वेळा परत आणली, मला विचार. प्रत्येक बाकावर बसून झालंय माझं."

तू पुढे काय म्हणालीस, ते मी सम्मेदला सांगितलं, स्वप्नालीला सांगितलं, काल संध्याकाळी नदीवर जाऊन केरबालासुद्धा सांगितलं. तू म्हणालीस, "मी सुरूरला येऊन थांबते. मला कुठे गाडी लागते? तिथून घाट दोघी चढू."

आणि मग तू फोन ठेवलास, कारण तुलाही पुढे बोलवत नव्हतं. मला कळलं.

सकाळी सहाची गाडी आहे. साडेनऊ-दहापर्यंत सुरूरला येईल. मधल्या बाकावर बसते. खिडकी माझी, शेजारची जागा मी कुणाला देणार नाही. कंडक्टरला आधीच सांगून ठेवते की सुरूरला माझी बहीण चढणार आहे आणि मला गाडी लागते.

सुरूरच्या पुढे तुझ्या शेजारी बसून येणारी,
तुझी ताई