जाळी कोण बांधणार

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (गुडघा सुजलाय, त्यामुळे तो उभ्या उभ्याच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) मामींची कंबर कशी आहे? तुमचं रंगाचं दुकान जोरात चालत असेलच. माझं मात्र काही चालेनासं झालंय, आणि त्याला, स्पष्टच सांगतो, तुमचा सल्ला जबाबदार आहे.

बास्केटबॉल संघाशी माझा करार या महिन्यात संपतोय. मी दोन वर्षांचा मागितला, मॅनेजर एकाच वर्षावर अडून बसला. वर्षभरानंतर या गुडघ्याला कुत्रं विचारणार नाही, ही माझी धास्ती तुम्हाला सांगितली, तर तुम्ही म्हणालात, दुसऱ्या संघाने बोलावलंय अशी पुडी सोड आणि सरावाला जाणं बंद कर, कसे पाया पडत येतात बघ. (हे मामींना विचारून सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.) मी पुडी सोडली. मॅनेजरने माझं मनापासून अभिनंदन केलं आणि घरी फुलांचा गुच्छ पाठवला. मी घरी बसलो, तर संघाने सामना जिंकला, तोही इतक्या आरामात की शेवटी राखीव खेळाडूंनी हात धुऊन घेतले. बायकोने ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली. इतकी वर्षं या लोकांसाठी हाडं झिजवली, मामा, आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. फार लागलं मनाला.

काल मॅनेजर स्वतः दारात हजर. चेहरा पडलेला. मला वाटलं, आला वठणीवर. मी चहासुद्धा विचारला नाही. तर स्वारी खाली मान घालून म्हणते काय, की रिंगची जाळी फाटलीय, शनिवारी सामना आहे, तेवढी बांधून देता का. आमच्या क्लबची शिडी मोडल्यापासून जाळी, भिंतीवरचं घड्याळ, मॅनेजरच्या खोलीतला बल्ब, सगळं मीच खुर्चीवर चढून बघतो. बाकीच्यांचे हात चार बोटं कमी पडतात. (टेबलावर खुर्ची ठेवून पाहिली म्हणे, तर प्रशिक्षक पडले.) म्हणजे या माणसांनी मला आजवर पगार दिला तो शिडी म्हणून. मी त्याच्या तोंडावर दार लावलं. अशा संघात आता एक दिवसही राहणार नाही. माणसाला काही स्वाभिमान असतो की नाही?

तुमचा भाचा

ता. क. दाराच्या फटीतून मॅनेजर म्हणाला की शनिवारपर्यंत दोन वर्षांचा विचार करतो. तोवर त्याला शिडी मिळता कामा नये. इथल्या दुकानांतल्या सगळ्या मी भाड्याने आणून बैठकीच्या खोलीत उभ्या केल्यात. (बायको माझ्याशी बोलत नाही.) तो आता आसपासच्या गावांत चौकशी करत फिरतोय, तुमच्याकडे नक्की येईल. तुमची घडीची शिडी रंगारी घेऊन गेलेत म्हणून सांगा, आणि मामींना आधी पढवून ठेवा, त्या खरं बोलतात.

आणखी एक. करारावर सही झाली तरीही देऊ नका. दोन वर्षांनी पुन्हा करार आहे.