आर्डिथची डुलकी

सोमवार, ७ मे

आलं! सहा वर्षं आणि अकरा अर्ज — पण आलं पत्र! शेजारच्या लॅव्हर्न होल्स्टच्या कुरणातल्या चाकोऱ्यांपाशी सरकारी फलक बसणार. पितळी! जूनच्या सुरुवातीला राजधानीतून, लिंकनहून, एक तज्ज्ञ बाई पाहणीला येणार, आणि फलकाचा मजकूर कोणी लिहायचा? मी!

टपालपेटीपाशी उभ्याउभ्याच वाचलं. तिथेच नाचले. त्रेसष्टाव्या वर्षी नाचू नये, असं गुडघ्याने लगेच कळवलं.

आमच्या तालुक्यात बघण्यासारखं आहे तरी काय? धान्याचा उंच कोठा, पाण्याची टाकी, आणि जुन्या रेल्वे स्टेशनातलं आमचं संग्रहालय. त्यात पेंढा भरलेलं दोन डोक्यांचं वासरू आणि काटेरी तारेचे एकशे बारा नमुने. नेब्रास्का बघायला येणारे लोक हमरस्त्याने थेट चिमनी रॉकचा सुळका गाठतात. आमच्याकडे थांबलेच तर पेट्रोलसाठी, आणि तेही घाईत.

पण चाकोऱ्या आमच्या आहेत. दीडशे वर्षांपूर्वी ओरेगनला वसायला निघालेल्या बैलगाड्यांच्या. चौथीला राज्याचा इतिहास असतो. एकतीस वर्षं दर मे महिन्यात मी माझी चौथीची पोरं त्या कुरणात नेली, चाकोरीत उभी केली आणि डोळे मिटायला लावले. ऐका, चाकं करकरतायत! ऐकू यायची त्यांना. मलाही यायची.

बुधवार, ९ मे

लॅव्हर्नला बातमी द्यायला गेले, कोलाचे घेऊन, खसखस भरलेले गोड पाव. दर वर्षी सहलीच्या आधी नेते तसे. शहाऐंशीचा म्हातारा, मुळातच अबोल. मी फलकाचं सांगत होते आणि तो तीनदा "बरं" म्हणाला. तिसरं "बरं" जरा खोलातून आलं. आनंद झाला असावा.

शनिवार, १२ मे

एप्रिलपासून पावसाचा टिपूस नाही. गव्हाला वेळेआधीच ओंब्या. आणि उत्तरेच्या शेतात डुलकी दिसायला लागली — यंदा महिनाभर आधी!

डुलकी म्हणजे माझी. त्या शेतात पहिला गहू मी पेरला, त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात. लेक रोंडा सहा आठवड्यांची होती, रात्रभर रडायची. गहू वर आला तो शेताच्या मधोमध एक वाकडा पट्टा बुटका आणि पिवळा. डेल्मर म्हणाला, ट्रॅक्टरवर डुलकी लागली तुला. नव्हती लागली! पण नवऱ्याने एकदा गंमत केली आणि चारचौघं हसले की संपलं. पट्टा दर वर्षी उगवतो, पेरणारा कोणी का असेना. मग माझा काय दोष, असं विचारलं की डेल्मरचं उत्तर तयार असायचं — जमीन मनात धरते, आर्डिथ.

लग्नं, बारशी, धान्याच्या कोठ्यावरची सकाळची कॉफी, चार डोकी जमली की माझी डुलकी निघायची. डेल्मर जाऊन चार वर्षं झाली. शेत आता खंडाने दिलंय. परवा खंडकरीही गाडीची काच खाली करून म्हणाला, "बाई, डुलकी उगवली बरं का." माणूस गेला, थट्टा ठणठणीत आहे.

सोमवार, १४ मे

मजकुराचा सातवा खर्डा. "येथे इतिहासाची चाके क्षणभर विसावली..." फाडला. चौथीतल्या पोराने हे लिहिलं असतं तर मी दहापैकी तीन दिले असते.

बुधवार, १६ मे

सहल. निवृत्त झाले तरी चाकोऱ्या दाखवायला मलाच बोलावतात. एकोणीस पोरं. डोळे मिटले, चाकं करकरली, सगळं यथासांग. एका मुलीने विचारलं, गाड्यांच्या आधी इथून कोण जायचं? म्हटलं, पॉनी आदिवासी, कित्येक पिढ्या. गाड्या त्यांच्याच वाटेवर आल्या, आणि मग त्यांनाच इथून जावं लागलं. मुलगी चाकोरीतून बाजूला झाली. मी मात्र आपल्या उत्तरावर खूश!

लॅव्हर्न कुंपणापाशी टोपी हातात घेऊन उभा होता. प्रार्थनेला उभा राहतो तसा.

शुक्रवार, १८ मे

लॅव्हर्न आपणहून घरी आला. चर्च आणि बियाण्याचं दुकान सोडून हा माणूस कुठे जात नाही! पिकअप दारात लावून पंधरा मिनिटं आतच बसून राहिला. मग कॉफी. हवामान झालं, त्याचे गुडघे झाले, माझे झाले. आमच्याकडे खरी गोष्ट निघते ती दाराच्या कडीला हात लागल्यावर.

"आर्डिथ, त्या चाकोऱ्या आमच्या ट्रकच्या आहेत."

मला वाटलं वयामुळे बरळतोय.

"एक्कावन्न साली. बाबा आणि मी नदीवरनं खडी आणत होतो. दोन उन्हाळे. त्याआधी कुरण सपाट होतं."

"मग एकतीस वर्षं बोलला का नाहीत?"

"तू पहिल्यांदा पोरं घेऊन आलीस तेव्हा इतकी रंगून सांगत होतीस. मध्येच कसं तोडायचं? बरं दिसत नाही ते."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी म्हटलं, आता उशीर झाला." टोपी हातात फिरवत राहिला. "आणि तुझे कोलाचे चांगले असतात."

आमच्या माणसांच्या भलेपणाला तोड नाही. शेजारणीला ओशाळं वाटू नये म्हणून एकतीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी! मीही काही कमी नाही. त्याला दारापर्यंत सोडून म्हटलं, सांगितलंत ते बरं केलंत, जपून जा.

शनिवार, १९ मे

कोलाचे केले. कोणाकडे नेले नाहीत. बारा होते. आता नाहीत.

मंगळवार, २२ मे

सहाशेहून जास्त पोरं! त्यातला एक आज बँकेचा मॅनेजर आहे, एक पाद्री आहे, एक तुरुंगात. सगळ्यांना मी डोळे मिटायला लावून खडीचा ट्रक ऐकवला.

सांगितलं तर फलक गेला, आणि एकतीस वर्षांची माझी अब्रूही. या गावात मी बाई आहे, दुसरी काही नाही. नाही सांगितलं तर पितळेत ओतलेली थाप उभी राहील, माझ्या मजकुरासकट. लॅव्हर्न कोणाला बोलणार नाही. आणि तो शहाऐंशीचा आहे.

हा शेवटचा विचार मनात आला आणि स्वतःची लाज वाटली. पण आला होता, म्हणून लिहून ठेवते.

सोमवार, २८ मे

स्मृतिदिन, गावाने आपापल्या कबरींवर फुलं ठेवायचा दिवस. पिओनी यंदा उष्म्याने आधीच झडल्या. उरलेली चार मरगळलेली फुलं कॉफीच्या डब्यात घालून डेल्मरच्या कबरीपाशी ठेवली. उजव्या अंगाला उभी राहिले, डाव्या कानाने त्याला कधीच ऐकू यायचं नाही. सगळं सांगितलं. असता तर पोट धरून हसला असता आणि मग म्हणाला असता, तूच केलंस, तूच निस्तर.

निस्तरते.

सोमवार, ४ जून

तज्ज्ञ बाई आली. कोरीन टेश. चाळिशीही गाठली नसेल, पायात चिखलाचे बूट. म्हटलं, ही चिखल तुडवणारी आहे, हिला फसवता येणार नाही. चार वाक्यं घोकून ठेवली होती. कुरणात पोचल्यावर एकच निघालं, "या चाकोऱ्या खोट्या आहेत."

"मला माहीत होतं, बाई," ती म्हणाली. "तुम्हाला कसं सांगू याच विचारात लिंकनपासून आले."

हीसुद्धा आमच्यातलीच!

तिने गाडीच्या टपावर एक जुना फोटो पसरला. अडतीस साली सरकारने विमानातून काढलेला. लॅव्हर्नचं कुरण त्यात गुळगुळीत. मग तिचं बोट ओढ्यापासून निघालं, टेकाडाला वळसा घालून एका काळसर रेषेवरून सरकत गेलं. रेषा एका पवनचक्कीच्या मागून जात होती. ती पवनचक्की मी ओळखली. रोज स्वयंपाकघरातून बघते.

"खऱ्या गाड्या इथून गेल्या," कोरीन म्हणाली. "या तालुक्यात याच्याहून चांगल्या चाकोऱ्या नव्हत्या. पुढे कोणीतरी नांगरल्या. कोणी आणि कधी ते कळलं तर नोंदीत घालीन."

मी म्हटलं, बघते विचारून.

विचारून!

मंगळवार, ५ जून

विचारलं. मीच होते.

त्र्याहत्तरचा मे. गव्हाचे भाव चढले आणि सगळा तालुका कुरणं मोडत सुटला. डेल्मर दिवसभर कोठ्यावर कामाला, म्हणून ट्रॅक्टरवर मी, सहा महिन्यांची गरोदर. उत्तरेच्या कुरणात एक रुंद लांबलचक घळ होती. ट्रॅक्टर गचके खायचा, पोटात रोंडा लाथा मारायची. मी त्या घळीला शिव्या घातल्या आणि तीन-तीनदा नांगर फिरवून ती सपाट केली. संध्याकाळी डेल्मरला हात धरून दाखवायला नेलं. किती मिरवले!

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझी त्यावर कडी — कळसा आधी स्वतः फोडला, आणि मग एकतीस वर्षं पोरांना वळसा घालायला लावला.

गंमत म्हणून लिहायला घेतलं होतं. रडू आलं. ती वाट कित्येक पिढ्या टिकली, आणि मी एका दिवसात पुसली.

बुधवार, ६ जून

कोरीनला फोन केला. कोणी नांगरलं ते सांगितलं. ती हळूच म्हणाली, नसलेल्या चाकोऱ्यांना फलक मिळत नाही. नोंदीत नुसतं "जमीनमालकाने नांगरले" लिहिते, नाव नको. मी म्हटलं, नाव लिहा. आर्डिथ झाब्का. निदान कुठेतरी नाव लागू दे.

सोमवार, ११ जून

चर्चच्या तळघरात संग्रहालयाची बैठक. नऊ माणसं. सगळं सांगितलं. लॅव्हर्न उठला, माझ्या कपात कॉफी ओतली आणि परत जागेवर जाऊन बसला.

मंगळवार, १२ जून

सकाळी दार उघडलं तर पायरीवर झाकलेली तीन भांडी. एकात बटाटे, एकात नूडल्स, एकात पुन्हा बटाटे. आमच्याकडे ही घरात कोणी गेलं की येतात. मीच गेलेय बहुतेक! दुपारी लॅव्हर्नला जेवायला बोलावलं. मेलेल्या बाईने कोलाचेही केले.

मंगळवार, १९ जून

खंडकरी म्हणतो, शनिवारनंतर कापणी.

शनिवार, २३ जून

कोरीनचं पाकीट आलं. कोणा ओळखीच्या वैमानिकाकडून तिने परवाच विमानातून फोटो काढून घेतलाय. वरून माझं उत्तरेचं शेत, आणि त्यात माझी डुलकी — ओढ्यापासून निघून टेकाडाला वळसा घालून पवनचक्कीच्या मागे. सोबत चिठ्ठी: "बाई, नांगर वीतभरच जातो. हजारो चाकांनी दाबलेली खालची जमीन अजून तशीच आहे, तिथे गव्हाची मुळं उतरत नाहीत. हा पट्टा अडतीसच्या रेषेवर तंतोतंत बसतो. कापणी थांबवा, पोरांना बोलवा."

आधी खंडकऱ्याला फोन केला. मग तशीच कबरस्तानात गेले, उजव्या कानापाशी वाकले आणि म्हटलं, "डेल्मर, मला झोप लागली नव्हती."