मावशीला विचारायचं राहिलं

६ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती बोलते, ऐकत नाही, अशी तुझी तक्रार. म्हणून हे पत्र. कॉलेज सुरू झालं आणि मी इथल्या ‘मोकळीक मंडळा’त शिरले. आमचं म्हणणं साधं आहे. सरकारनं चोर पकडावेत, न्याय द्यावा आणि बाकी माणसाच्या वाटेला जाऊ नये. भाडं किती घ्यावं, दुकान कधी बंद करावं, हेल्मेट घालावं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या जाहीरनाम्याचं पहिलं वाक्यच असं आहे, की संमतीशिवाय कुणाच्या कशालाही हात लावू नये. खोलीतली मैत्रीण विचारते, की उद्या पूल पडला तर तुमचं मंडळ बांधायला येणार का. मी तिला पुरून उरते.

नवा परवाना कायदा येतोय ना, न्हाव्यापासून शिकवणीवाल्यापर्यंत सगळ्यांना परवाना, त्यावर वादसभा झाली. मी तुझी गोष्ट सांगितली. दातांच्या डॉक्टरांकडे आयुष्यभर कवळ्या घडवलेली बाई. डॉक्टर गेल्यावर बेकरीच्या वर, मागच्या खोलीत स्वतःच मापं घेऊन कवळ्या करते. दातांच्या कामाला परवाना आजही लागतो, तिच्याकडे तो नाही, पण एकाही म्हाताऱ्याची तक्रार नाही! टाळ्या थांबेनात. आमच्या पत्रिकेत भाषण छापून आलंय, सोबत पाठवतेय. नाव घातलेलं नाही, काळजी नसावी.

लोभ आहे तसाच ठेव, थोडा वाढवलास तर माझी हरकत नाही.
तुझी,
टिटवी


२१ ऑगस्ट

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

भाषण वाचलं. टिटवीनं समुद्र आटवायला घेतलाय हे पाहून आधी हसूच आलं. अगं, नाव नसलं म्हणून काय झालं? बेकरी आहे, मागचा जिना आहे. आपल्या गावात अशा बाया कितीशा असणार? तुमची पत्रिका इथल्या दंतवैद्यांच्या संघटनेकडे पोचली आणि मंगळवारी दोन तपासनीस आले. एकाच्या हातात तुझं भाषण होतं, ओळींखाली रेघा मारलेलं. माणूस सभ्य होता, पण खोलीला सील लागलं ते लागलंच. घासायचं मशीन, मेण, साचे, सगळं आत. पोस्टमनकाकांची कवळीसुद्धा अर्धवट आत राहिली. ते रोज येतात, कुलपाकडे बघतात आणि बोळक्या तोंडानं मलाच धीर देऊन जातात.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. हे काम गेलं तर या वयात दुसरं मी काय करणार, काही सुचत नाही. झोप लागत नाही, हे तुझ्या आईला कळवू नकोस. एक वाट मात्र दिसतेय. डॉक्टरांची सूनही दंतवैद्य आहे, दवाखाना आता तीच चालवते. ती म्हणते, की माप ती घेईल, चिठ्ठी तिची, घडवायचं काम माझं. गाजावाजा न होता पार पडलं तर निभावेल. तेव्हा आता तोंडाला कुलूप लाव, माझे आई.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि या मावशीवर लोभ असू दे.
तुझी मावशी


२ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. हे माझ्यामुळे झालं, आणि ते मीच निस्तरणार. तुझं पत्र मंडळात वाचून दाखवलं. झोपेचं वाक्य आलं तेव्हा दोघी-तिघी रडल्या. अध्यक्ष म्हणाला, की इतकी चोख केस आपल्याला पुन्हा मिळायची नाही. त्याचे काका वकील आहेत, ते फुकट लढतील.

सुनेची वाट मात्र धरू नकोस. आपल्या हातच्या कामाला दुसऱ्याची सही कशाला? ती शरणागती झाली. सुट्टीत मी काढलेला तुझा फोटो, हाताला गुलाबी मेण लागलंय आणि खळखळून हसतेयस तो, पोस्टरवर घेतलाय. खाली लिहिलंय, ‘दंतवैद्यांची मक्तेदारी मोडा’. हे पत्र पोचेपर्यंत गावात पोस्टरं लागलेली असतील. सुनावणीला आम्ही सगळे येतोय. तू फक्त ताठ उभी राहा, बाकी आमच्यावर सोड.

तुझ्या लोभाच्या जोरावरच उड्या मारतेय, तो असाच राहो.
तुझी,
टिटवी


१९ सप्टेंबर

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

सुनावणी झाली. तुमची मंडळी दारात घोषणा देत होती, तू सगळ्यांत पुढे. मी मागच्या दारानं आत गेले आणि तसंच घरी आले. तुमचे वकील आत काय बोलले ते मी ऐकलं नाही, कारण माझं लक्षच नव्हतं.

डॉक्टरांच्या सुनेनं आदल्या दिवशीच हात जोडले. तिच्या दवाखान्याच्या भिंतीवर तुमचं पोस्टर, त्यात माझं हसरं तोंड आणि खाली तिच्याच पेशाला शिव्या. म्हणाली, की माझ्यावर तिचा राग नाही, पण आता मला ठेवलं तर बाकीचे डॉक्टर तिला उभं करणार नाहीत. तिचं काय चुकलं? निकाल असा, की दंतवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मी कवळीला हात लावायचा नाही. चिठ्ठी देणारी एकच होती. सील निघालं, मशीन माझ्याकडेच आहे आणि त्याला काम नाही. पोस्टमनकाकांची अर्धी कवळी कागदात गुंडाळून त्यांना दिली.

कायदा बिनडोक आहे हे मला तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. तुझ्या मतांवर माझा राग नाही. पण संमतीशिवाय हात लावू नये, हे तुमचंच ना पहिलं वाक्य? माझी गोष्ट घेतलीस, माझं पत्र चारचौघांत वाचलंस, माझं तोंड भिंतीवर चिकटवलंस. सरकारी माणसानं आत येण्याआधी दार तरी वाजवलं होतं, बाई. तू विचारलंस का मला?

आज यापुढे लिहवत नाही.
मावशी


३० सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कुणाला दाखवलं नाही. अध्यक्षाला फोटो काढून टाकायला सांगितलं, तर तो म्हणाला, की एका मावशीपेक्षा चळवळ मोठी. मी मंडळ सोडलं. मत सोडलेलं नाही, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. तो कायदा मला अजूनही चूकच वाटतो. पण मी तुझं जे केलं, ते माझ्या कुठल्याच मतात बसत नाही. मला माझीच फार लाज वाटते.

पुढच्या महिन्याच्या शेवटी सुट्टी आहे. भिंतींवरची पोस्टरं खरवडायची आहेत आणि तुझ्याजवळ बसायचं आहे. या वेळी आधी विचारते. येऊ का?

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.
टिटवी


९ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

सकाळी खालच्या बेकरीत पाव बांधायला जाते. पाय सुजतात, पण दिवस निघतो. पोस्टरांवर आता गाद्यांच्या सेलची जाहिरात लागली आहे. तुझी मावशी गादीखाली गेली, तेव्हा खरवडायला काही उरलेलं नाही.

विचारलंस, बरं वाटलं. म्हणून मीही खरं तेच सांगते. आत्ता येऊ नकोस. तू जिना चढून आलीस की मी चहा टाकणार, तुझ्या पाठीवरून हात फिरवणार, आणि तुला वाटणार की सगळं मिटलं. माझं अजून मिटलेलं नाही. मिटेल तेव्हा मीच लिहीन.

नको म्हटलं म्हणून लोभ कमी झाला असं मानू नये, ही विनंती.
तुझी मावशी